बिनतवंगाचं कालवण

हौसामावशी वाढायला लागली की तिच्या हाताच्या दोन हालचाली असायच्या. पहिल्या हालचालीत पळी पातेल्याच्या तळाला जाऊन फोडी घेऊन वर यायची. ते वाढून झालं की ती पळी आडवी करायची, रश्श्यावर अलगद टेकवायची आणि वर तरंगणारा लालभडक तवंग तेवढा उचलून तुमच्या वाटीत सोडायची. ही दुसरी हालचाल ती कधी विसरली नाही. पंगतीत वीस माणसं असोत की चाळीस, प्रत्येकाच्या वाटीवर तवंग आलाच पाहिजे.

"तवंगात आपलं त्वांड दिसलं पायजे," ती म्हणायची. "न्हाई दिसलं तर समजायचं, वाढनारीलाच आपलं त्वांड बघायचं न्हाई."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. काळाचौकीतल्या त्या चाळीच्या तळमजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत आता कोण राहतं, मला ठाऊक नाही. पण कुणी तव्यावर कांदा भाजायला घेतला की मला ती आठवते, आणि तिच्याबरोबर जे घडलं तेही आठवतं.

मी कऱ्हाडकडचा. भोईवाड्याच्या कोर्टात कारकुनाची नोकरी लागली तेव्हा त्याच चाळीत वरच्या मजल्यावर गावच्या मंडळींच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली. त्या खोलीत बापू शेलार म्हणून एक आडदांड गडी होता. गिरणीत कामाला, आवाज घणासारखा, आणि खाण्याच्या बाबतीत राजा. त्यानेच मला पहिल्या संध्याकाळी हौसामावशीच्या खानावळीत नेलं. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, चुलीच्या धगीने भाजून निघालेला चेहरा. मी वाटीवर हात धरून "पुरे, पुरे" म्हणालो, तर तिने माझा हात पळीनेच बाजूला केला.

"कोरटात काय पानी पिऊन लिवतोस व्हय रं?" ती म्हणाली. "हिथं आईबा न्हाईत बघायला. जेव गुमान."

त्या दिवसापासून मी तिचा 'कोरटातला भाऊ' झालो.

तिच्याकडे जेवणारी बहुतेक माणसं गिरणीतली. बायकामुलं गावाकडे सातारा, पाटण, शिराळ्याला ठेवून आलेली. रोज संध्याकाळी कापसाची रुई कानात आणि भुवयांत घेऊन ती पंगतीला बसायची. त्यांना वरण-भात नको असायचा. त्यांना जिभेला चटका देणारं, बोटांना तुकतुकी आणणारं कालवण हवं असायचं. मावशी ते द्यायची. सणावाराला तळणाची कढई चढायची, पुऱ्या वनस्पती तुपात पोहायच्या, भजी कागदावर ठेवली की कागदाचा आरसा व्हायचा.

यामागचं कारण तिने मला एकदा सांगितलं होतं. पाटणच्या डोंगरातल्या तिच्या माहेरी तेलाची बुधली आई शिंक्यात उंच ठेवायची. फोडणीला चिंधी बुडवून तव्यावर फिरवायची, बस. दिवाळीला डोक्याला लावायला तेल मिळालं तरी ती वाटीतलं उरलेलं चाटायची. "मुंबैला आले आन् गोड्या तेलाचा डबा पयल्यांदा फोडला," ती म्हणाली, "तवा मला रडूच आलं. म्हनलं, आता माझ्या घरातनं कोन सुकं खाऊन जानार न्हाई." तेल म्हणजे तिच्या लेखी माया होती. तिला मूलबाळ नव्हतं. ती माया वाटून टाकायला पंगतच होती.

आणि तात्या होते.

तात्या म्हणजे तिचे यजमान. गिरणीत साचेवाले, म्हणजे कापडाच्या मागावर. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे घरी फार हळू बोलायचे, जणू दिवसभराच्या आवाजाची भरपाई करत असावेत. भरघोस मिशी, दंडाला आवळून बसणारी कोपरी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते चाळीच्या समितीत होते, पण भाषण कधी केलं नाही. सभेच्या सतरंज्या घालायच्या, पत्रकं वाटायची, मोर्च्यात शेवटच्या रांगेत चालायचं, एवढंच त्यांचं काम. पंगत उठली की ते जेवायला बसायचे. मावशी त्यांना शेवटी वाढायची, कारण पातेल्यात शेवटी उरतो तो तवंग सगळ्यांत दाट असतो. त्यात ती भाकरी स्वतः कुस्करून द्यायची. ते निमूटपणे जेवायचे आणि ती समोर बसून बघायची. तिचं दिवसभराचं खरं सुख ते तेवढंच होतं.

एक दिवस दुपारी गिरणीतून दोघे धावत आले. तात्या साच्यावर काम करता करता छाती धरून खाली बसले होते. परळच्या इस्पितळात त्यांना नेलं होतं. निरोप मिळताच मी कोर्टातून परस्पर तिकडे गेलो. मावशी पीठ लागलेल्या हातांनीच आली होती आणि वॉर्डाच्या दाराशी उभी होती.

तात्या वाचले. काही दिवसांनी डॉक्टरांनी मावशीला बोलावून भरभर काहीतरी सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. मावशीच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही. तिला समजावलं ते रोझी सिस्टरने. ती गिरगावातल्या एका वाडीतली ख्रिस्ती बाई, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतलीच. मराठी आमच्यापेक्षा वेगळ्या ठेक्यात बोलायची, पण मनाने फार लाघवी.

"मावशी, घाबरू नको गो," ती म्हणाली. "पण आता यांचं खाणं बदलायचं. तेल, तूप, तळलेलं, मटणाची चरबी, सगळं कमी. बिडी बंद. रक्ताच्या नळ्या असतात ना आत, त्या आतून बुजत जातात. मग काळजाला रक्त पोचत नाही."

 मावशीच्या खोलीतली मोरी महिन्यातून एकदा तुंबायची. खरकट्या भांड्यांचं तूप नळीत थिजून बसायचं, मग भंगी येऊन लोखंडी सळईने ते पांढरे लगदे काढायचा. मी हे पाहिलं होतं. तिने ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"आमच्या मोरीवानी?" तिने विचारलं.

सिस्टरने तिची मोरी पाहिलेली नव्हती, तरी तिला कळलं. "तसंच काहीसं," ती हळूच म्हणाली.

मावशी मट्‌कन भिंतीला टेकून खाली बसली. "आन् त्ये समदं म्या घातलं," ती म्हणाली.

"असं नाही म्हणायचं. तुला कुठं माहीत होतं?"

"घातलं तर म्याच ना बाई."

घरी आल्यावर तात्यांनी बिडी त्याच दिवशी सोडली. गाद्यांखाली लपवलेली बंडलंसुद्धा काढून दिली. जेवणाचं मात्र तसं झालं नाही. मावशीला कमी तेलात करायची सवयच नव्हती. तिने एकदम तेल बंद केलं आणि भाज्या पाण्यात उकडून त्यांच्यापुढे ठेवायला सुरुवात केली. उकडलेली दुधी, बेचव मूग, फोडणी नसलेलं पिवळं पाणी. शेजारच्या खोलीत चाळीस माणसं कालवण ओरपत असायची, त्याचा वास भिंतीवरून यायचा, आणि हा माणूस मोरीकडे तोंड करून गिळायचा.

"आजाऱ्याचं खानं किती दिस?" त्यांनी एकदा विचारलं.

"जगायचं हाय तवर."

"मंग जगून तरी काय करायचं, हौसे?" ते हसत म्हणाले. पण ते हसणं खरं नव्हतं.

महिनाभराने मावशीने आणखी एक गोष्ट केली आणि तिथून खानावळीचं ग्रहमान फिरलं. एका संध्याकाळी पंगत बसली, वाट्या आल्या, आणि वाट्यांत तवंग नव्हता. तिने तो आधीच पळीने काढून टाकला होता. वनस्पतीचा डबाही तिने विकत घेणं बंद केलं होतं. बापू शेलारने वाटी उचलून दिव्यासमोर धरली.

"मावशे, ह्ये काय? कालवन म्हनायचं का अंघोळीचं पानी?"

"त्येच तुमच्या भल्याचं हाय."

"आमाला कुटं काय झालंय?"

"त्येनला तरी आदल्या दिसापत्तूर कुटं काय झालं हुतं?" तिने तात्यांकडे बोट केलं. "म्या एकाला सुकं घालायचं आन् चाळीस जनांस्नी त्येच पाजायचं? त्येंच्या बायका गावाकडं वाट बघत्यात. उद्या त्या मला इचारत्याल."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, मावशीला इस्पितळाचं वारं लागलं. पण दिवसभर साच्यासमोर उभा राहणारा माणूस पाणचट कालवणावर किती दिवस राहणार? एकेक करून माणसं रस्त्यापलीकडच्या खानावळीत जाऊ लागली. सगळ्यांत आधी बापू गेला. जाताना तो वाईट बोलला नाही. "मावशे, तुझं बरोबर असंल," तो म्हणाला, "पर माझी जीभ अडानी हाय."

पंगत निम्म्यावर आली. या गोष्टीचा त्रास मावशीपेक्षा तात्यांना जास्त झाला. आपल्या दुखण्यापायी घरातली पंगत मोडली, हे त्यांना सोसेना. ते संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसून राहायचे आणि पलीकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसांनी हाक मारली की मान खाली घालायचे. पुढे पुढे ते स्वतःच कधीकधी उशिरा येऊ लागले. समितीचं काम होतं म्हणायचे. मावशीने एकदा त्यांना पाण्याचा तांब्या देताना मिशीकडे पाहिलं. मिशीच्या टोकाला लालसर तुकतुकी होती.  त्यांचं उकडलेलं ताट तिने झाकून ठेवलं आणि सकाळी स्वतः खाल्लं.

"भांडायचं म्हनलं तर तोंड न्हाई मला," ती मला म्हणाली. "ती चटक म्याच लावली."

तेवढ्यात चळवळीने पेट घेतला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून लालबाग-परळ खदखदत होतं. गोळीबार झाले. चाळींतून तरुण पोरं गेली. मग सत्याग्रहींच्या तुकड्या निघू लागल्या, आणि एका तुकडीत तात्यांनी आपलं नाव घातलं. मावशीने त्यांना अडवलं नाही असं नाही. ती दारात आडवी उभी राहिली.

"काळीज फाटकं हाय तुमचं. पोलिसाची काठी सोसंल का?"

तात्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "हौसे, जलमभर श्येवटच्या रांगेत चाललो. एकडाव म्होरं जाऊ दे."

ती बाजूला झाली. तिनेच त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. मोर्चा 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी घोषणा देत गेला, आणि तात्या खरोखरच पहिल्या रांगेत होते. संध्याकाळी कळलं, त्यांना अटक झाली, शिक्षा झाली.

ते तुरुंगात होते तोपर्यंत मावशी जेमतेम जेवायची. तिला एकच धास्ती होती, की तिथे काही झालं तर छाती चोळायलाही कुणी नसेल. पण ते परत आले तेव्हा आम्ही सगळे चकित झालो. पोट उतरलं होतं. चेहरा निवळला होता. इस्पितळातून आल्यापासून जिना चढताना त्यांना मध्ये थांबावं लागायचं; आता ते माझ्या खोलीपर्यंत न थांबता वर आले आणि दारात उभे राहून हसले.

"भाऊ, तिथं जाड भाकर आन् पानीदार वरन. तेलाचा थेंब दिसंल तर शप्पत. आमची हौसा आन् सरकार, दोगांनी मिळून कट केल्याला दिसतोय."

मागोमाग वर आलेल्या मावशीने हे ऐकलं आणि लुगड्याचा पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. त्या दिवशी तात्यांनी तिच्या हातची उकडलेली दुधी मागून खाल्ली. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. तिलाही तसंच वाटलं असावं. त्या संध्याकाळी तिने कितीतरी दिवसांनी केसांत अबोलीची वेणी घातली होती.

पण सुटून आलेल्या सत्याग्रहींना काळाचौकी काही सुखासुखी सोडणार नव्हती. प्रत्येक चाळीला आपला माणूस ओवाळायचा होता. आज या मजल्यावर पुरणपोळी, वर तुपाची धार. उद्या त्या खोलीत पुऱ्या आणि शिरा. परवा कोणाकडे भजी, कोणाकडे लाडू. ज्या घरात वनस्पतीचा चमचाही जपून वापरायचे, त्या घरांनी डबे रिकामे केले. मावशी प्रत्येक दारात त्यांच्या मागे जायची आणि हात जोडून म्हणायची, "बायांनो, ह्येंना तेलकट न्हाई चालत." बाया म्हणायच्या, "एका दिसानं काय हुतंय मावशी? आमच्या घरचा इटाळ हाय काय?"  शेजारच्या चाळीत नवी दीक्षा घेतलेली बौद्ध कुटुंबं होती. त्यातल्या एका म्हातारीने पहिल्यांदाच आपल्या घरी दुसऱ्या जातीचा माणूस जेवायला बोलावला होता. तिथे तात्या नाही म्हणाले असते, तर त्या नकाराचा अर्थ दुधीभोपळ्याशी लागला नसता. ते तिथेही जेवले, आणि पोटभर जेवले.

"मानाचं ताट हाय, हौसे," ते म्हणायचे. "लाथाडू कसं?"

शेवटचा मोठा बेत बापू शेलारने आखला. चाळीच्या पटांगणात मटणाची पंगत. पलीकडच्या खानावळीतली मोठी पातेली आणली होती. मी तिथे होतो. तात्यांना मधोमध पाटावर बसवलं होतं, गळ्यात झेंडूचा हार होता. वाढपी पातेलं घेऊन त्यांच्यापुढे आला आणि मावशी पुढे झाली.

"बापू," ती म्हणाली, "पाया पडते तुझ्या. ह्येंच्या वाटीत नुसत्या फोडी घाल. वरचं नगं."

पंगतीत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "मावशे, इंग्रज परवडला पर तू नगंस!" बापूसुद्धा हसला, पण प्रेमाने हसला. "मावशे, आज तरी सोड की. वाघ हाय आमचा तात्या."

तात्यांचा चेहरा लाल झाला होता. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "समद्यांच्या म्होरं पानउतारा नगं करूस. घे पळी. तूच वाढ. तुझ्या हातचं म्हनून खातो."

तिने पळी घेतली. मी तिच्या हाताकडे पाहत होतो. पळी तळाला गेली, फोडी घेऊन आली. मग क्षणभर हात थांबला. आणि मग पळी आडवी झाली, रश्श्यावर टेकली, आणि कितीतरी महिन्यांनी तिने नवऱ्याच्या वाटीत तवंग सोडला. तात्या जेवले. दोनदा मागून घेतलं. तिला म्हणाले, "झ्याक." पंगत उठली तेव्हा ते ढेकर देत लोकांचे हात हातात घेत होते, आणि इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा ते पुन्हा कामावर जायला म्हणून उंबऱ्यात बसून चपला घालत होते. एक चप्पल पायात गेली. दुसरी हातातच राहिली. मावशी चुलीपाशी होती. तिने "आवं, भोंगा झाला" म्हणून हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं. आम्ही टॅक्सी करून त्यांना परळला नेलं. रोझी सिस्टर कामावरच होती. तिने मनगट धरलं, डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या, आणि मावशीला जवळ घेतलं. मावशी तिच्या पांढऱ्या पोशाखावर डोकं टेकवून उभी राहिली. रडली नाही.

प्रेताला सगळी काळाचौकी लोटली होती. समितीने त्यांच्यावर झेंडा घातला. गावाहून नणंद आली, गंगूबाई. तिने दारातच छाती पिटायला सुरुवात केली.

"माझ्या भावाला सुकं खाऊ घालून मारलास गं! पैलवानासारखा गडी, घास घास तेलाला म्हाग केलास! तुरुंगातबी उपाशी, घरातबी उपाशी!"

बायका ऐकत होत्या. त्यातल्या कितीजणींनी त्या आठवड्यात तात्यांना पुऱ्या वाढल्या होत्या.  काहीजणींना गंगूबाईचं पटलंही असेल. तूप तोडलं म्हणून माणूस खचला, असं पुढे चाळीत बोललं गेलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मावशी भिंतीशी बसून होती. 

दिवस झाल्यावर मी तिला विचारलं. ओट्यावर कलती उन्हं आली होती आणि ती तांदूळ निवडत होती. "मावशी, तू का नाही सांगितलंस खरं काय ते? डॉक्टरांनी काय बजावलं होतं, पंगतीत काय झालं, सगळ्यांना माहीत आहे."

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "कुनाला बोलू, भाऊ? बापूला? त्येनं परेमानं घातलं. त्या म्हातारीला? तिनंबी परेमानंच घातलं. म्या इतकी वर्सं काय येगळं केलं हुतं? परेमानं वाढायचं म्हंजी असंच वाढायचं, ह्ये ह्या समद्यांस्नी कुनी शिकवलं? माझ्याच पंगतीत बसून शिकल्यात त्ये." एक खडा वेचून टाकत ती म्हणाली, "आन् गंगूवन्संबी अगदीच खोटं बोलल्या न्हाईत. सुकं म्हंजी सुकंच घातलं की म्या. मानसाला गिळंना असं."

मला वाटलं, आता ती खानावळ बंद करून गावी जाईल. चूल काही दिवस थंड होतीही. मग एक दिवस मी कोर्टातून येताना तिच्या खोलीतून वास आला. ती निखाऱ्यावर अख्खा कांदा भाजत होती. साल काळं पडून आत तो मऊ झाला होता. तो तिने पाट्यावर वाटला, भाजलेला लसूण घातला, तिळाची चिमूट, कोथिंबीर. पातेल्यात चमचाभर तेलात मोहरी-जिरं उडवलं आणि वाटण परतताना ते लागायला आलं की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारत राहिली. वाटणाचा रंग गडद झाला. मग तिने मला बोलावलं.

"बघ रं चाखून."

अळणी होतं. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली.

असं वर्ष-दोन वर्षं चाललं होतं. ती कुणाला काही सांगत नव्हती, नुसती करून बघत होती. चिंचेचा कोळ कधी घालायचा. मटण आधी शिजवून निवू द्यायचं, म्हणजे चरबीचा थर वर घट्ट बसतो, तो उलथन्याने उचलून फेकायचा आणि मग खालच्या पाण्यात रस्सा करायचा. वांगं तळण्याऐवजी भाजायचं. पालेभाजी तिच्याच अंगच्या पाण्यात, झाकणावर पाणी ठेवून शिजवायची. मासा पानात गुंडाळून तव्यावर ठेवायचा. हे ती रोझी सिस्टरकडून शिकली. सिस्टर अधूनमधून तिला भेटायला यायची, आणि दोघी चुलीपाशी बसून तासन्‌तास बोलत राहायच्या. फसलेलं कालवण मावशी स्वतः खायची. हळूहळू फसणं कमी झालं. राहिलेली मोजकी माणसं बोटं चाटायला लागली. पलीकडे गेलेली काही परत आली. एक दिवस बापू शेलार दारात येऊन उभा राहिला. दम लागत होता त्याला. डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं होतं. तात्यांच्या मरणानंतर त्याने मावशीला तोंड दाखवलं नव्हतं.

"मावशे," तो म्हणाला, आणि उंबऱ्याबाहेरच चपला काढू लागला.

"बस," ती म्हणाली. "पान मांडते."

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागपासून परळपर्यंत तोरणं लागली होती, ढोल-लेझीम चालू होते. मावशीने त्या दिवशी सगळ्या जुन्या माणसांना जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, गरम भाकरी. दोन पंगती उठल्या. बापूने तिसऱ्यांदा रस्सा घेतला आणि वाटीत डोकावून संशयाने विचारलं, "मावशे, खरं सांग. वनस्पती घातलंस न्हवं?"

"मोरी बघ जा आमची," ती म्हणाली. "इतक्यात कवा तुंबली न्हाई."

सगळे हसले, पानं उचलली गेली, आणि माणसं मिरवणुकीला निघून गेली. मी पाट गोळा करत मागे राहिलो होतो. मावशीने स्वतःचं ताट वाढून घेतलं. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातला. सावकाश चावला. बाहेर मिरवणूक चाळीवरून जात होती, लेझमीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. तो आवाज पुढे सरकला तेव्हा ती बोलली.

"आता जमलं बघ, भाऊ."

"फार सुंदर झालंय, मावशी."

"तवा जमलं असतं," ती ताटाकडेच पाहत म्हणाली, "तर त्यो मानूस कशाला दुसऱ्याच्या दारात ग्येला असता?"

तिने दुसरा घास केला. तो हातात तसाच राहिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.